उमेळ्याचा मे महिना
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील बदल आणि आपण’ असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. समोर बसलेले निम्मे लोक त्याच क्षेत्रात आहेत आणि उरलेल्यांची मुलं आहेत, तेव्हा त्याबद्दल मी नवीन काय सांगणार? त्यापेक्षा गेली पाच वर्षं मी अख्खा मे महिना आमच्या उमेळ्याच्या वाडीत काढते, त्याबद्दल बोलते. तुमच्यापैकी ज्यांची वाडी अजून शिल्लक आहे, त्यांच्या उपयोगाचं त्यात काही निघेल.

परदेशातून आलेल्या मंडळींसाठी आणि त्यांच्यासोबत आलेल्या मुलांसाठी आधी थोडा भूगोल. वसई रोड आणि नायगाव या दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात, रुळांच्या पश्चिमेला उमेळे आहे. दक्षिणेला मिठागरं आणि त्यांच्या पलीकडे वसईची खाडी. म्हणजे हाकेच्या अंतरावर मीठ पिकतं आणि इकडे वाडीत केळी, नारळ, मोगरा. शाळेत आम्हाला ‘वाडीवाले’ म्हणायचे. कधी कौतुकाने, कधी आमच्या दप्तराला येणाऱ्या शेणखताच्या वासामुळे. मागच्या बाकावरच्यांनी हसू नये, त्यातले दोघे आज रविवारी गच्चीवर कुंडीत टोमॅटो लावतात आणि त्याचे फोटो ग्रुपवर टाकतात.

आमच्याकडे मे महिना सुट्टीचा नव्हता. शाळेची सुट्टी लागली की वाडीला माणसं मिळायची, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईहून काकांची मुलं यायची, आगाशीहून आत्याची यायची, आणि आल्या दिवसापासून प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असायचं. सकाळी उजाडायच्या आत मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या. कळी पांढरी व्हायला हवी पण उमललेली नको, कारण ती संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी उमलायची असते. लहान बोटांना हे काम चांगलं जमतं, म्हणून आम्हा पोरांना पहिल्या ओळी. मग कळ्या ओल्या फडक्यात बांधायच्या, पाटीत भरायच्या आणि आजी ती पाटी डोक्यावर घेऊन दादरला जायची. लोकलच्या मालडब्यात वसई-विरारच्या फुलवाल्या आणि भाजीवाल्या बायकांची अख्खी वेगळी शाळा भरायची. मी दोन वेळा आजीबरोबर गेले आहे. घासाघीस कशी करायची हे मी तिथे शिकले आणि नोकरीत पगाराची बोलणी करताना मला त्याचा अभियांत्रिकीच्या पदवीइतकाच उपयोग झाला.

मोगऱ्याचं एक सांगण्यासारखं आहे. मे महिन्यात झाड पांढरंधोप दिसतं, त्याचं कारण हिवाळ्यात आहे. डिसेंबर-जानेवारीत त्याचं पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, गळतात, मग छाटणी करतात, खत घालतात आणि नंतर पुन्हा पाणी सुरू करतात. त्या ताणामुळे झाड नवी फूट काढतं आणि फुटीच्या टोकाला कळ्या धरतं. आत्ता, आपण इथे बसलोय तेव्हा, आमचा मोगरा नुसत्या काड्या होऊन उभा आहे. बाहेरच्या माणसाला वाटेल मेला.

दुपारी सुकेळी. राजेळी जातीच्या केळीचा घड भाताच्या पेंढ्यात दाबून पिकवायचा, केळी सोलून तट्ट्यावर मांडायची आणि आठवडाभर ऊन द्यायचं. मधूनमधून परतायची. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायची. कावळे, मुंग्या आणि आम्ही, अशा तिघांपासून ती राखावी लागायची, आणि राखायला बसवलेलं असायचं आम्हालाच. तयार झालेली सुकेळी तपकिरी, चिकट, मधासारखी गोड. केळीच्याच सुक्या सोपटात बांधून तिच्या गड्ड्या व्हायच्या. बाजारात हल्ली जे सुकं केळं मिळतं त्याचा आणि वसईच्या सुकेळीचा संबंध फार दूरचा आहे. राजेळी लावणारेच कमी झालेत. आमच्याकडे पाच खुंट राहिलेत, तेही आईच्या हट्टामुळे.

आणि मग आगोटीची कामं. हा शब्द आपल्या मुलांना ठाऊक नसेल. पाऊस लागण्याआधी घरात जे जे भरून ठेवायचं ती आगोट: सुके बोंबील, जवळा, वर्षाचा मसाला, मिठागरातून आणलेलं जाडं मीठ, लाकूडफाटा, नारळाच्या झावळ्या. वाडीचीही आगोट असायची. पडवळ, घोसाळी, काकडीच्या मांडवांना नवे बांबू, अळूची आळी, सुरणाचे कंद लावणं. आणि सगळ्यांत शेवटी, मे संपता संपता, बावखल उपसणं.

आता खरा विषय आला.

बावखल म्हणजे वाडीतला गोड्या पाण्याचा खड्डा. तळं म्हणावं इतकं मोठं नाही, डबकं म्हणावं इतकं हलकं नाही. वसईच्या हिरव्या पट्ट्यात विहिरीच्या जवळपास बावखल असायचंच. पावसाचं पाणी तिथे जमतं, जमिनीत मुरतं आणि विहिरीला मिळतं. मेअखेरीस पाणी तळाला गेलं की घरचे सगळे पुरुष आणि काही बायकाही त्यात उतरून गाळ काढायच्या. तो काळा गाळ केळीच्या आणि नारळीच्या बुंध्याला जायचा. म्हणजे बावखल खोल राहायचं आणि खत फुकट मिळायचं. माझ्या पणजोबांच्या वेळी विहिरीवर रहाट होता, बैल फिरायचा आणि गाडगी पाणी आणायची. बैल दमला की पाणी बंद, त्यामुळे विहिरीला आपोआप विश्रांती. नंतर इंजिन आलं, मग विजेचा पंप आला. पंप दमत नाही.

विहिरीला विश्रांती कशाला, हे नववीत आपल्याला सरांनी शिकवलं होतं, फक्त तेव्हा आपलं लक्ष अंड्याकडे होतं. आठवतं का? सरांनी काचेच्या भांड्यात साध्या पाण्यात अंडं टाकलं, ते बुडलं. मग मीठ टाकत गेले आणि अंडं वर आलं. खारं पाणी जड असतं. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५ आणि गोड्या पाण्याची १. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत खालून खारं पाणी शिरलेलं असतं आणि पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर तरंगत राहतं. आता गणित करा. फरक ०.०२५ चा, म्हणजे चाळीसास एक. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी उभं असेल, तर ते आपल्या वजनाने खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंतचं खारं पाणी दाबून धरतं. आणि वरचं ते एक फूट उपसलं, तर खालचं खारं त्याच हिशेबाने वर सरकतं. हे पुस्तकी गणित आहे, जमीन इतकी सरळ वागत नाही. पण दिशा बरोबर आहे. आपल्या वाड्या या तरंगत्या पाण्यावर उभ्या आहेत.

आमच्या बाबांना हे सूत्र माहीत नव्हतं, तरी ते दरवर्षी त्याचीच नोंद ठेवायचे. आमच्या विहिरीचं बांधकाम दगडी आहे, दगडाचा एकेक थर साधारण फूटभर. ३१ मेला सकाळी, पंप लावायच्या आधी, वरून किती थर उघडे पडलेत ते मोजायचे आणि अवजारांच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहायचे. १९८४ साली ११. १९९२ साली १५. २००३ साली १६. मग बरीच वर्षं पंधरा-सोळाच्या आसपास घुटमळतो आकडा. २०१४ साली शेजारच्या वाडीतलं बावखल भराव टाकून बुजवलं. २०१५ साली १८. त्यानंतर तो सतराच्या आत आलेला नाही. २०१९ मध्ये बाबा गेले. पुढच्या दोन ओळी आईच्या हातच्या आहेत, २०२१ पासून माझ्या. एका विहिरीवरून सिद्धांत मांडू नये एवढं शिक्षण मला मिळालं आहे, आणि पावसाचा कमीजास्तपणाही त्यात आहे. पण मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, घरची डाळ शिजायला वेळ लागायला लागला आणि आजोबांच्या हातची पानवेल तर कधीच गेली. या गोष्टी दारावर लिहिलेल्या नाहीत, पण तारखा जुळतात.

आपण शाळेत होतो तेव्हा या प्रश्नावर वसईत लोक रस्त्यावर आले होते. विहिरींचं पाणी उपसून टँकरने विकणं आणि हिरव्या पट्ट्यात बांधकाम, या दोन्हींच्या विरोधात हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे नेते होते. १९९० मध्ये वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे गेलं, २००९ मध्ये महानगरपालिका झाली. फादर पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांची ओळख लेखक आणि धर्मगुरू म्हणून करून दिली. आमच्या घरी मात्र ‘टँकरवाले फादर’ हीच ओळख होती. २५ जुलै २०२४ ला ते गेले, तेव्हा आईने त्या दिवशी पंप लावला नाही. मी कारण विचारलं नाही.

मग नळ आला. उसगाव, पेल्हार आणि सूर्या धरणाचं पाणी शहरात येऊ लागलं, ते यायलाच हवं होतं. लाखो माणसं विहिरीवर जगू शकत नाहीत. पण नळ आला तशी घरोघर विहिरीची गरज संपली, आणि विहिरीची गरज संपल्यावर बावखल म्हणजे डास होणारी मोकळी जागा ठरली. मोकळ्या जागेला वसईत भाव आहे. जुलै २०१८ मध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या बंद झाल्या, मिठागरातली माणसं अडकून पडली. पावसाच्या पाण्याला थांबायला ज्या जागा होत्या त्यांतल्या कितीतरी आपण भरून टाकल्या होत्या.

आता आमच्या घरातलं. सांगू की नको असा विचार केला, पण आपल्यात लपवण्यासारखं काय आहे!

आमच्या वाडीच्या सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत. आई, मी, धाकटा भाऊ, दोन चुलतभाऊ, काकू, तीन आत्या. गेल्या मे महिन्यात थोरला चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, एक प्रस्ताव घेऊन आला. रस्त्याकडची बाजू आणि तिला लागून असलेलं बावखल, असा सलग तुकडा विकायचा. घेणारा तयार होता, बावखल भरून देण्याचा खर्चही तोच करणार होता. दादा काही लोभी माणूस नाही. त्याची मुलगी वैद्यकीयला आहे आणि त्याचं स्वतःचं हृदयाचं ऑपरेशन झालं आहे. त्याने बाबांच्या आजारपणात रात्री जागवल्या, तेव्हा मी पुण्याहून फोन करत होते. त्यामुळे मी त्याच्यासमोर चाळीसास एकचं गणित घेऊन बसले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “तुझं बरोबर आहे गं. पण फी भरायची तारीख जूनमध्ये आहे.” याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तीन दिवस ओटीवर बोलणी चालली. सकाळी आम्ही सगळे मिळून कळ्या खुडायचो, सुकेळी उलटायचो, कारण ती कामं कोणासाठी थांबत नाहीत. दुपारी जेवून पुन्हा ओटीवर. संध्याकाळी सहानंतर माझं ऑफिस सुरू व्हायचं, अमेरिकेतल्या लोकांना भारद्वाजाचा आवाज ऐकून वाटायचं माझ्या मायक्रोफोनमध्ये बिघाड आहे. माझा तेरा वर्षांचा मुलगा, ज्याला पुण्यात खोलीबाहेर काढायला दहा हाका माराव्या लागतात, तो मामांच्या मागे बावखलात उतरून गाळाच्या पाट्या उचलत होता. विकायचं बावखल उपसायचं कशाला, असं कोणी म्हणालं नाही, हे मला आता लिहिताना जाणवतंय. मे महिना होता, उपसायचं होतं, उपसलं.

तिसऱ्या दिवशी थोरल्या आत्याला आगाशीहून आणलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिघी आत्यांची हक्कसोडपत्रं करून घ्यायची, तिघींना साडी आणि काही रक्कम द्यायची, असं ठरत होतं. आपल्याकडची ही जुनी पद्धत. २००५ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, पण ओटीवर कायदा जरा उशिरा पोचतो. आत्याने सगळं ऐकून घेतलं, चहा प्यायली आणि म्हणाली, “साडीवर मी सही करायची नाय.”

सगळे गप्प. दादा म्हणाला, “आत्या, रक्कम वाढवून हवी का?”

“रक्कम नको. माझा जो काय वाटा होतो ना, त्यात मला ते बावखल द्या. रस्त्याकडचं तू घे, वीक, पोरीला शिकव. बावखल माझ्या नावावर लाव.”

“तू त्याचं करणार काय?”

“काय करायचंय? ते तिथे राहील.”

नंतर रात्री तिने मला सांगितलं की लग्नाच्या आधी, सहा वर्षं, बावखल उपसताना वरून पाट्या ओढून घ्यायचं काम तिचं होतं. आमच्या बाबांनी दारावर आकडे लिहायला सुरुवात केली त्याच्या आधीपासून ती थर मोजायची, फक्त लिहिलं कुणी नाही. एवढंच बोलली आणि झोपली.

बाकीच्या दोन आत्यांनीही मग तिच्यामागे आपले वाटे बावखलात घातले. दादाने हिशेब केला. बावखल वगळून रस्त्याकडचा तुकडा विकला तर त्याला कमी पैसे मिळतात, पण फी भागते. फरकाची काही रक्कम मी आणि भावाने त्याला द्यायची, अशी बोलणी झाली. कागद वकिलाकडे आहेत, फेरफार व्हायचा आहे, आणि आत्याची तब्येत तोळामासा आहे. तिच्या माघारी तिच्या मुलांना काय वाटेल ते मी सांगू शकत नाही. त्यामुळे हे सगळं सुरळीत झालं असं समजून टाळ्या वाजवू नका. या ३१ मेला बावखल आहे, इतकंच पक्कं आहे.

काही जणांनी मला मधल्या सुट्टीत विचारलं, ठिबक लावलं का, सेन्सर लावले का, तू तर इंजिनीअर. केळीला ठिबक आहे, घड्याळाने चालतं. मोगऱ्याचं आई बघते. ती पहाटे मातीत बोट घालते आणि ठरवते. तिच्या बोटाच्या जागी काय बसवायचं ते मला अजून सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर शोधण्याची घाईही नाही.

आता कामाचं. आपल्या तुकडीतल्या ज्यांच्या घरी विहीर आहे, उमेळे, सांडोर, गास, निर्मळ, आगाशी, कुठेही, त्यांनी येत्या ३१ मेला पंप लावायच्या आधी पाणी वरून किती खाली आहे ते मोजायचं आणि मला पाठवायचं. थर नसतील तर दोरीला दगड बांधा. घरात कोणी जुन्या नोंदी ठेवल्या असतील, भिंतीवर, वहीत, पंचांगाच्या मागे, तर त्यांचे फोटो काढा. तक्ता मी करते. एका विहिरीवरून काही म्हणता येत नाही, पण आपण एकसष्ट जण होतो वर्गात, त्यातल्या वीस घरी तरी विहीर निघेल. जवळ बावखल आहे, होतं, की कधीच नव्हतं, तेही लिहा. होतं असेल तर कोणत्या साली बुजलं ते घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि लवकर विचारा.

ज्यांना मोगरा हवाय त्यांनी पाऊस लागल्यावर या. छाटकलमं करून ठेवते, पैसे नकोत, पिशवी आपली आणा. सुकेळी मेच्या दुसऱ्या आठवड्यात तयार होईल, पाचच खुंट आहेत, तेव्हा सगळ्यांना पुरणार नाही. आधी सर आणि बाई. बाई, तुम्ही वसई रोडला उतरून रिक्षा करा. नायगावकडून येणारा रस्ता मी आले त्या दिवशी खोदलेला होता.